नाक काढण्याचं काम

प्रदर्शनाचं उद्घाटन उद्यावर आलं आणि कलासंस्थेच्या संस्थापकांच्या तैलचित्रातलं नाक पोपडा होऊन गळून पडलं. प्राचार्यबाईंनी सगळ्या प्राध्यापकांना बोलावलं.

"नाक कोणाला काढता येतं?"

"मॅडम, माझी पीएचडी नाकावरच आहे," एक जण म्हणाले, "पण काढलं कधी नाही."

"अहो, उद्या संस्थेचं नाक जाईल."

"मग त्याच भिंतीवरच्या माजी प्राचार्यांच्या चित्रांतलीही नाकं काढू. खरवडून. मुद्दाम केल्यासारखं वाटेल."

ती काढायला मात्र सगळेच पुढे आले.

दुसऱ्या दिवशी प्रमुख पाहुणे त्या चित्रांसमोरून हलेनात. "ही भिंत म्हणजे तुमच्या संस्थेचं नाक आहे," ते म्हणाले. "मॅडम, तुमचं चित्र कधी लागणार इथे?"

बाईंचा हात आपसूक नाकाकडे गेला.