धाकटीची पानं

धाकटी एकशे बाराव्या पानानंतर कुठंच नव्हती.

सूची करणाऱ्या बाईंनी प्रुफं पुन्हा एकदा पहिल्यापासून उलटली. पुस्तक तीनशे चार पानांचं. एका धर्मनिष्ठ घरातल्या तीन बहिणींचा इतिहास, त्यातल्याच एकीनं लिहिलेला. घरात हाक मारायचे तीच नावं पुस्तकात होती. सूचीसाठी बाईंनी प्रत्येक नावाचं एक कार्ड केलं होतं, ते नाव येईल त्या पानांचे आकडे त्यावर. थोरलीच्या कार्डावर पृष्ठांक मावत नव्हते. मधली म्हणजे लेखिका स्वतः. तिला दोन कार्डं लागली होती. धाकटीच्या कार्डावर अकरा आकडे. त्यातल्या शेवटच्या, एकशे बाराव्या पानावर ती जिन्यात बसून मोठ्यानं वाचत होती आणि वडिलांनी तिच्या हातातून पुस्तक काढून घेतलं. पुढं लग्न नाही, मरण नाही, साधं पत्रसुद्धा नाही.

बाईंनी ते कार्ड संपादकांच्या टेबलावर ठेवलं.

"मी सूची मागितली होती, पंचनामा नव्हे," संपादक म्हणाले. "परवा छापायला जायचंय हे."

"माणूस मध्येच गळलं की सूचीत लगेच दिसतं. वाचकालाही दिसेल."

"सूची वाचतं कोण?"

"आपण पुस्तकात आहोत का, हे बघणारा आधी सूचीच वाचतो."

संपादकांनी सुस्कारा सोडून फोन उचलला.

लेखिका दुपारी आल्या. सत्तरी ओलांडलेली, पण पाठ ताठ. बायकांच्या आयुष्यावर त्यांची नऊ पुस्तकं होती. त्यांचं वाचून कित्येक घरांनी मुलींची शाळा थांबवली नाही, असं लोक म्हणत, आणि ते खरंही होतं. त्यांनी चष्मा बदलला, कार्ड हातात घेतलं.

"अकराच ठिकाणी?"

"अकराच."

"मला वाटलं होतं, मी तिच्यावर बरंच लिहिलंय."

"ताई, पळूनबिळून गेली असेल तर तसं लिहा," संपादक म्हणाले. "आता कोण नाक मुरडतंय? उलट पुस्तकाला वजन येईल."

"आमच्या घरातल्या मुली पळून जात नसत."

आवाज चढला नव्हता, पण संपादकांनी टेबलावरचे कागद उगाच सारखे केले.

"मग कुठं गेली?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही फार खोदता हो."

"पोट त्यावरच आहे. तिचं काय झालं ते कळल्याशिवाय मला हे कार्ड पुरं करता येत नाही."

लेखिकेनं खिडकीबाहेर पाहिलं. खाली दोन हमाल कागदाची रिमं उतरवत होते आणि एकमेकांना शिव्या देत होते.

"ताप," त्या म्हणाल्या. "सतरावं वर्ष लागलं होतं तिला. आठ दिवस ताप हटेना. डॉक्टर दोनदा येऊन गेले. मी उशाशी बसून होते, पाण्याच्या पट्ट्या बदलत. नवव्या दिवशी तिची बोटं माझ्या हातातून सुटली. वडिलांनी पुढं कधी घरात तिचं नाव काढू दिलं नाही. त्यांना सोसायचं नाही."

संपादकांच्या हातातलं पेन थांबलं होतं.

"आणि हे पुस्तकात नाही?"

"लिहायला बसले की हात चालायचा नाही."

"महिना कुठला होता?" बाईंनी विचारलं.

"काय?"

"महिना. थोरलीच्या मृत्यूचा महिना, वर्ष, सगळं आलंय. हिचंही लागेल."

"पावसाळा होता."

"तुम्ही स्वतः होतात तिथं?"

"अहो बाई, पुरे की आता!" संपादक म्हणाले.

"विचारू द्या त्यांना. हो, मी होते." लेखिकेचे डोळे भरून आले होते, आणि त्यात नाटक नव्हतं. "थोरली गेली, धाकटी गेली. तिघींतली मी एकटी उरले."

"मग असंच छापायचं? एकदा छापलं की मला बदलता येणार नाही. तुम्हालाही."

लेखिकेनं त्यांच्याकडे पाहिलं. चाळिशीतली, साध्या सुती कपड्यातली बाई, बोटांना शिसपेन्सिलीचा काळा रंग.

"असंच," त्या म्हणाल्या.

एकशे बाराव्या पानावर प्रकरण संपत होतं, त्यामुळे खालचं अर्धं पान कोरंच होतं. पृष्ठांक हलवायची गरज पडणार नव्हती. संपादकांनी कागद पुढं केला. लेखिकेनं एकोणीस ओळी लिहिल्या, एकही शब्द न खोडता. संपादकांनी त्या मोठ्यानं वाचल्या. शेजारच्या टेबलावर अक्षरजुळणी करणारी मुलगी हात थांबवून ऐकत राहिली आणि शेवटी तिनं ओढणीनं डोळे पुसले.

"सबंध पुस्तकातलं हेच पान लोकांच्या लक्षात राहणार," संपादक म्हणाले. मग बाईंकडे वळून, जरा ओशाळून, "तुमची पिरपिर कामी आली बरं का. विसरलेल्या मुलीला निदान तिचं मरण तरी मिळालं."

बाईंनी कार्डावर लिहिलं, 'मृत्यू, ११२'. कार्ड आपल्या जागी सरकवलं आणि खोक्याचं झाकण लावलं.

निघताना लेखिका त्यांच्यापाशी थांबल्या. खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आमच्या घरात तुमच्यासारखी एखादी हवी होती."

बाईंनी मान हलवली. पिशवी उचलली, बस पकडली, तीन मजले चढून घरी आल्या. आई गॅलरीत मटार सोलत बसली होती. तिनं वर पाहिलं नाही.

"काय म्हणाली?"

"आठ दिवस ताप होता तुला," बाई म्हणाल्या. "मावशी उशाशी बसून होती."