पेन्सिलीची टकटक

"बाबा, माझ्या गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर नुसता किंचाळतोय. आवाज जरा भरदार करून दे ना," गॅरेथ सारखा म्हणायचा, आणि क्लाइव्ह म्हणायचा, "करू रे रविवारी." अख्ख्या बर्मिंगहॅमच्या पोरांचे जुन्या काचेच्या व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर सुधारून देणाऱ्या बापाकडून पोटच्या पोराचा तेवढा राहून गेला.

गॅरेथला पुरून आल्यावरच्या रविवारी त्याने तो उघडला.

"राहू दे की त्याचा होता तसा," मॉरीन म्हणाली. बायकोचं त्याने ऐकलं नाही. कपॅसिटर बदलले. किंचाळणं गेलं, आवाज भरून आला.

मग सवयीने त्याने एका व्हॉल्व्हवर पेन्सिलीने दोनदा टकटक केली. व्हॉल्व्ह खराब असला तर तीच टकटक स्पीकरमधून ऐकू येते. स्पीकर गप्प राहिला. मग आतून एकदाच टक् झालं.

क्लाइव्हचा हात तिथेच थांबला. गॅरेथच्या खोलीचं दार तो असंच दोनदा वाजवायचा, 'येऊ का?' म्हणून. आतून एकदाच टक् व्हायचं, म्हणजे 'ये.'

त्याने व्हॉल्व्ह बदलला. तरी तेच. शेवटी सगळे व्हॉल्व्ह काढून टेबलावर ठेवले, प्लगही उपटला.

चहा घेऊन आलेली मॉरीन दारातच थबकली. "कोण वाजवतंय रे?"

"कोणी नाही गं."

तेवढ्यात त्या रिकाम्या खोक्याच्या आतून दोनदा टकटक झाली.

मॉरीनने कप खाली ठेवला आणि क्लाइव्हने हात धरायच्या आत खोक्यावर एकदाच टक् केलं.