भूल कवा येणार?

मुरुम गावची सहा वर्षांची शिवगंगा ऑपरेशनला घाबरत होती. भीती जावी म्हणून नर्स हर्षालीने व्हीआरचा चष्मा पुढे केला.

“आधी ताईला, मग मला,” शिवगंगा हर्षालीकडे बोट दाखवत म्हणाली.

हर्षालीने तो आधी स्वतः लावला, मग तिला. आत शांत तळं होतं, बदकं होती, संथ श्वास घ्यायला सांगणारा आवाज होता. तेच दृश्य हर्षालीच्या हातातल्या टॅबवर दिसत होतं.

“ताई, भूल कवा येणार?”

“येत नाही गं वेडे, डॉक्टर देतात. तू बदकं बघ.”

“आली की. पाण्यातनं आली. लई उंच हाय.”

टॅबवर कुणीच नव्हतं. फक्त एका बदकाची मान उलटी फिरली आणि कटकन मोडली. मग दुसऱ्याची. पाणी लाल झालं. हर्षालीने हे दृश्य कितीदा तरी तपासलं होतं. त्यात लाल रंग कुठेच नव्हता.

तिने चष्मा ओढला. तो आतून कुणी धरून ठेवल्यासारखा निघेना. पोरीचा श्वास मात्र संथ चालला होता.

“शिवगंगा, घाबरू नकोस, मी आहे!”

“न्हाय घाबरत. म्या सांगितलं तिला, आधी ताईला.”

टॅबवरचं तळं शांत झालं.

हर्षालीच्या हनुवटीखाली ओली बोटं सरकली आणि तिची मान हळूहळू मागे फिरू लागली.