नुसती कॉलर

मामाने परदेशातून पाठवलेलं निळं जॅकेट घालून माझ्या शेजारी बसणारी आमची मिरवाबाई वर्गात आली, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भूगोलाच्या बाई जागतिकीकरण शिकवत होत्या. त्यांनी जॅकेटच्या आतली पट्टी वाचायला लावली, तर आमच्याच गावच्या कारखान्याचं नाव! इथून सातासमुद्रापार जाऊन ते परत आलं होतं. त्या कारखान्याच्या रंगाने आमच्या घरामागचा नालाही तसाच निळा वाहतो. "त्या कारखान्यात कोणाची आई जाते?" बाईंनी विचारलं. मी हात वर केला नाही. घरी येताच आईवर उखडले, "जगभरच्या पोरींसाठी शिवतेस, मला कधी एक जॅकेट शिवलंस?" सुट्टीच्या दिवशी आई जुनी चादर घेऊन मशीनवर बसली. संध्याकाळी माझ्या हातात एक सुरेख कॉलर ठेवली, थेट मिरवाबाईच्या जॅकेटसारखी. "पुढचं मला येत नाही गं," ती म्हणाली. "पुढचं दुसऱ्या बायका करतात."