पाहुण्यांचा परिचय

मुलांनो, डोळे मिटा आणि बाहत्तर सालची श्रीगोंद्याजवळची एक शाळा समोर आणा. गांधी जयंतीला पटांगणात सारा गाव जमलाय आणि दारूबंदीवर भाषण द्यायला प्रमुख पाहुणे आबाराव खुर्चीत बसलेत.

मागच्या वर्षी याच आबारावांच्या जीपनं भिमाजीची बैलगाडी उडवली होती. भिमाजीचा पाय गेला, आणि वर आबारावांनी गावभर उठवलं, "भिमाजीच पिऊन गाडी हाकत होता." तेव्हापासून त्याची सातवीतली लेक चांगुणा शाळेत 'दारुड्याची पोर' झाली.

भिमाजी दवाखान्यात असतानाच अपघाताचा खटला तालुक्याच्या कोर्टात निकाली निघाला होता, पण निकाल काय लागला ते गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. उन्हाळ्यात बापाला घेऊन तिनं ते कोर्ट गाठलं. तिथला कारकून म्हणाला, "खटल्याचा निकाल काय कुलपात नसतो, पोरी. कुणालाबी नक्कल मागता येती. अर्ज लिही, त्यावर कोर्टाचं तिकीट लाव."

शिक्का मारलेली नक्कल वाचून भिमाजीचे डोळे भरून आले. "चल, आत्ताच समद्यास्नी दावू."

"दावू की, बा," चांगुणा म्हणाली, "पर गाव एका जागी गोळा होऊ द्या."

म्हणूनच, पाहुण्यांचा परिचय कोण करून देणार असं गुरुजींनी विचारलं, तेव्हा पहिला हात तिचा वर गेला होता. गुरुजींनी कौतुकानं पानभर परिचय लिहूनही दिला होता.

* * *

चांगुणा उठली, तिनं पाहुण्यांना नमस्कार केला, गुरुजींचा कागद बाजूला ठेवला आणि खणखणीत आवाजात नक्कल वाचायला घेतली: "आरोपी आबाराव यांनी दारूच्या नशेत जीप चालवून भिमाजीच्या बैलगाडीवर घातल्याचे कबूल केले आहे."