न काढलेली गाठ

प्रकाशा गावातल्या पितांबरबापूंच्या ओट्यावर सकाळपासून गल्ली जमली होती. तिकडे सुरतेला त्यांच्या बायकोच्या, रुक्मिणीबाईंच्या, मेंदूतल्या गाठीचं ऑपरेशन चाललं होतं. गाठ काढताना वाचा जाऊ शकते, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलेलं. आणि रुक्मिणीबाई गप्प झाल्या तर या गल्लीत सकाळ झाल्याचं कळायचं कसं, हाच सगळ्यांना घोर.

संध्याकाळ होईल म्हणाले होते. दुपारीच मुलाचा, ललितचा, फोन आला. सून कामिनीनं स्पीकर लावला.

"बापू, आटपनं. गाठ काढी नही, तशाच टाका घाली दिनात."

न काढता टाके घातले म्हणजे काय, हे गावात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बायांनी असा गळा काढला की, पुढे ललित काय ओरडतोय ते कुणाला ऐकूच येईना. शेजारच्या लोटननं तर सुरतेला जायला लगबगीनं गाडी ठरवायला घेतली.

कामिनी फोन घेऊन घरात पळाली आणि हसत बाहेर आली. तिनं तो बापूंच्या कानाला लावला.

"बापू, पुढलं आयका तरी! डोकं उघडं व्हतं तवयच गाठना तुकडा लॅबमा धाडा. तासभरमा तिना जीनना, म्हनजे तिनी जातना, रिपोर्ट उना. ती औषधवरी इरघयनारी शे. कापानी गरजच नही. दवा लंबी चालीन, पन मायनी वाचा वाची गयी!"

बापूंचा जन्म कपाशीत, बियाणं ओळखण्यात गेलेला. "म्हनजे त्यास्नी बियानंच वयखं," ते म्हणाले, आणि हसता हसता रडले.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला. बाया हलल्याच नव्हत्या; आवाज कानानं ऐकल्याशिवाय कोण घरी जातंय? डोक्याला पट्टी बांधलेल्या रुक्मिणीबाई एकेक चेहरा न्याहाळत होत्या. सगळ्यांच्या मागे, पदरानं डोळे पुसत, त्यांची जाऊ जमनाबाई उभी होती. शेताच्या बांधावरून दोघींत अबोला पडलेला, तो घरच्या लग्नातही सुटला नव्हता.

रुक्मिणीबाईंचे ओठ सावकाश हलले.

"कामिनी, काकीले चहा दे. साखर नको टाकजो, तिले शुगर शे."