देवमाणसाचं तळघर

रोझेटा सकाळपासून तळघराच्या दाराशी गुडघे टेकून सुतारकाम करत होती. जॉर्जटाऊनमधलं दोनशे वर्षांचं ते उंची घर विकायला काढलं होतं, आणि गिऱ्हाईक यायच्या आत तिने काम उरकावं, असं दलाल प्रेस्कॉटने बजावलं होतं. पण गिऱ्हाईक, एक तरुण गोरं जोडपं, अर्धा तास आधीच येऊन थडकलं.

“या घरातली सगळ्यात पवित्र जागा ही,” प्रेस्कॉट आवाज खाली आणून म्हणाला. “गुलामगिरीच्या काळात पळून आलेल्या माणसांना इथल्या मालकाने याच खोलीत लपवलं. जिवावर उदार होऊन!”

“केवढा देवमाणूस!” बायकोचे डोळे पाणावले.

“वाइनच्या बाटल्या छान राहतील इथे,” नवरा म्हणाला.

रोझेटाच्या आजीची आजी लहानपणी याच गल्लीत विकली गेली होती. रोझेटाने मान खाली घालून पुढचा स्क्रू पिळला.

“दाराला काही झालंय का हो?” बायकोने तिला विचारलं.

“छे छे, किरकोळ डागडुजी,” प्रेस्कॉट घाईघाईने मध्ये पडला. “रोझेटा, तू जा बघू जेवायला.”

रोझेटा उठली. स्क्रूड्रायव्हर तिने पिशवीत आदळला.

“दार ठणठणीत आहे, मॅडम,” ती म्हणाली. “यांना फक्त ही कडी काढून आतल्या बाजूला बसवून हवीय. दोनशे वर्षं ती बाहेरूनच लागतेय.”